पितळेची पिन

धक्क्यावर यांना सगळे 'पक्के' म्हणतात. ते काही आमचं आडनाव नाही, सवयीवरून पडलेलं नाव आहे. होडीचं एखादं फळकूट हललं, त्याला एक खिळा पुरत असला, तरी हे चार ठोकणार आणि वर म्हणणार, "आता पक्कं झालं." घरातही तेच. न्हाणीघराच्या दाराला यांनी अशी कडी बसवली आहे की पाहुणे आत अडकतात आणि आतून हाका मारतात. माझं शिलाई मशीन जरा डुगडुगत होतं, तर यांनी त्याचे पाय जमिनीलाच बोल्टने आवळून टाकले. तेव्हापासून मशीनमागे पडलेली सुई काढायची म्हटलं की मला जमिनीवर आडवं व्हावं लागतं.

एकदा घरातला फ्यूज सारखा उडत होता. तिसऱ्यांदा उडाला तेव्हा यांनी त्यात चांगली जाडजूड तार घातली. "आता उडून दाखव म्हणावं." फ्यूज काही उडाला नाही. स्वयंपाकघरातली वायर भिंतीतल्या भिंतीत जळाली आणि आठ दिवस आम्ही मेणबत्तीच्या उजेडात जेवलो. यातून माणसाने काही शिकावं की नाही? पण पालथ्या घड्यावर पाणी.

चौतीस वर्षं झाली, हे होडी चालवतात. नदीच्या या बाजूला आमची घरं आहेत आणि पलीकडे कारखाना, शाळा, दवाखाना. पूल आहे, पण तो पार वरच्या अंगाला. बसने वळसा घालून जायचं तर तास जातो. होडीने अकरा मिनिटं. बारा माणसं बसतात, आणि वल्ही मारणारे हे एकटे. या चौतीस वर्षांत काठावर माणूस उभा आहे आणि हे आले नाहीत, असं लेकीच्या लग्नाचा दिवस सोडला तर मला आठवत नाही. त्या दिवशीही सकाळची पहिली फेरी मारूनच आले होते.

दोन वर्षांपूर्वी यांचा उजवा खांदा दुखायला लागला. यांच्या भाषेत तो 'जरा धरला' होता. जरा धरलेला खांदा वर्षभर धरलेलाच राहिला. हे तेल चोळायचे, वर कापड घट्ट आवळून बांधायचे आणि निघायचे. शेवटी मीच धरून दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई आमच्या लेकीच्या वयाच्या. त्यांनी हात वर करायला लावला, मागे न्यायला लावला, फोटो काढायला लावले आणि म्हणाल्या, "काका, वल्ही बंद. आतला स्नायू अर्धा फाटलाय. उरलेला फाटला तर हात खांद्याच्या वर जायचा नाही."

"बंद म्हणजे कधीपासून?" यांनी विचारलं.

"म्हणजे आजपासून."

होडीशिवाय यांना दुसरं काही येत नाही, आणि होडी दुसऱ्याच्या हातात द्यायची म्हटलं की यांच्या जिवावर येतं. मग मोटरचा विषय निघाला. होडीच्या मागच्या फळीला बाहेरून अडकवायची छोटी मोटर असते. वर इंजिन, खाली पाण्यात पंखा, आणि दोरी ओढली की सुरू. नवी घेण्याची आमची ऐपत नव्हती. पण पलीकडच्या काठावर राहणाऱ्या एका निवृत्त बँक मॅनेजरांकडे एक होती. ते हौसेने मासे धरायला जायचे. आता गुडघ्यांनी दगा दिला होता आणि मोटर झाकून पडली होती.

त्यांच्या अंगणात पाण्याच्या पिंपात मोटर बुडवून त्यांनी आम्हाला ती चालवून दाखवली. मग यांनी दोरी ओढून बघितली. एका झटक्यात सुरू झाली. त्या झटक्याबरोबर यांचं तोंड वाकडं झालेलं मी पाहिलं.

"दोरी ओढायला खांदा लागतोच की," मी म्हटलं.

"एक झटका गं. दिवसाला हजार वेळा वल्हं मारायचं, त्यापुढे एक झटका काय?"

मला ते पटलं. आम्ही निघालो तेव्हा मॅनेजरांनी गोळ्यांच्या डबीसारखी एक छोटी डबी यांच्या हातात ठेवली. "यात पंख्याच्या दोन पिना आहेत हं. लागतात. त्याचं असं असतं की..." पण पाच वाजत आले होते, कारखाना सुटायची वेळ झाली होती, आणि काठावर माणसं जमणार होती. "बरं, बरं," म्हणून यांनी डबी खिशात घातली आणि चालायला लागले. त्या पिनांचं काय असतं, ते राहून गेलं.

पुढचा महिना आमच्या घरात फार चांगला गेला. अकरा मिनिटांची फेरी चार मिनिटांवर आली. हे घरी शीळ घालत यायचे. मी एवढी वर्षं यांच्याबरोबर संसार केला, यांना शीळ येते हे मला ठाऊक नव्हतं.

मग एक दिवस पलीकडच्या काठाजवळ मोटर नुसतीच ओरडायला लागली आणि होडी जागची हलेना. तिथे जुन्या धक्क्याचे दगड पाण्याखाली आहेत. ते यांना माहीत होते, पण वल्हं तिथपर्यंत कधी पोचलंच नव्हतं. पंखा मात्र त्याहून हातभर खाली. दगडाला लागला आणि पंखा दांड्यावर धरून ठेवणारी ती काडीएवढी पितळेची पिन मोडली. यांनी डबीतली दुसरी घातली. दहा दिवसांनी पाण्यातून वाहत आलेलं ओंडक्याचं धूड लागलं, तीही मोडली. मग तिसरी. ती पुन्हा त्याच दगडांवर गेली. डबी रिकामी झाली.

गाड्यांच्या सुट्या भागांची एक गल्ली आहे, तिथे हे अख्खी दुपार हिंडले. शेवटच्या दुकानदाराने सांगितलं, "पाकीट मागवावं लागेल. तीन आठवडे धरा."

"काडेपेटीतल्या काडीएवढी वस्तू आणि तीन आठवडे!" घरी येऊन यांनी मोडलेली पिन माझ्या कापडाच्या ढिगावर आपटली. "आणि आणली तरी पुन्हा मोडणारच. असली लेचीपेची वस्तू करतात कशाला?"

माझ्या धाकट्या दिरांचं लेथचं दुकान आहे. लोखंड असं तासतात की लोण्यावर सुरी चालावी. संध्याकाळी ते घरी आले, पिनेचे दोन तुकडे नखाने उलटसुलट करून बघितले आणि हसले. "पितळ आहे हे, दादा. कंपनीने काटकसर केलीय. मी तुला पोलादाची करून देतो."

दुसऱ्या दिवशी पिन तयार. चकचकीत, सरळ, मापात एका केसाचाही फरक नाही. "ही आता आपण दोघं मेलो तरी मोडायची नाही," भावोजी म्हणाले.

"पक्कं झालं," हे म्हणाले. दोघे भाऊ हसले, मी चहा टाकला. मला तेव्हा तो फ्यूज आठवायला हवा होता. नाही आठवला. उलट मीच म्हटलं, चला, एकदाची कटकट मिटली. म्हणजे दोष द्यायचा तर त्यात माझाही वाटा आहे.

सहा आठवडे पिन मोडली नाही. सातव्या आठवड्यात पाणी उतरलं होतं आणि होडी भरलेली होती. त्याच दगडांवर पंखा आपटला. आतून खडखड असा आवाज आला, मग कर्र, आणि मग काहीच नाही. प्रवाशांनी होडीतल्या फळ्यांनी पाणी मागे सारत होडी काठाला लावली.

भावोजींनी मोटरचा खालचा भाग उघडला. आत एकात एक दात अडकवून फिरणारे दोन गिअर असतात. एकाचे तीन दात उडाले होते आणि ते काळ्या तेलात खड्यांसारखे पडले होते. पोलादी पिन जिथल्या तिथे होती. मी तेलाचे डाग पडू नयेत म्हणून खाली जुनी चादर घालत राहिले.

मग सुरू झाली आमची वणवण. त्या खालच्या भागाला चादरीत गुंडाळायचं, बसमध्ये मी तो मांडीवर घेऊन बसायचं, कारण यांना खांद्यामुळे ओझं धरवेना, आणि दुकानामागून दुकान पालथं घालायचं. पहिल्या दुकानात म्हणाले, हे मॉडेल कंपनीने कधीच बंद केलं, नवी मोटर घ्या. दुसऱ्याने मोबाईलवर फोटो काढला, कुणाकुणाला पाठवला, अर्धा तास आम्हाला स्टुलावर बसवलं आणि मान हलवली. तिसऱ्याने आणून दाखवलेला गिअर दिसायला जुळा भाऊ, पण त्याचे दात बारा. आमच्याचे, गेलेले धरून, तेरा. एकाने सल्ला दिला, "काका, वल्हीच बरी. व्यायाम होतो." या उंटावरच्या शहाण्याच्या डोक्यात चादरीसकट ते धूड घालावं, असं मला वाटलं.

असे चार दिवस गेले. माझ्याकडे शाळेच्या गणवेशांचा ढीग पडला होता. बसमधून उतरताना माझे पाय भरून यायचे आणि चादरीला लागलेल्या तेलाचा वास जेवताना हाताला यायचा. थकले मी. मनात यायचं, एका काडीएवढ्या पिनेने आमची ही दशा केली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

पाचव्या दिवशी कुणीतरी एका म्हाताऱ्या फिटरचा पत्ता दिला. गल्लीच्या मागच्या अंगाला एकच खोली, भिंतीवर खुंटीला टांगलेल्या मोटरी, खाली डबेच डबे. म्हाताऱ्याने चष्मा कपाळावरून नाकावर घेतला, गिअर बघितला, मग पिन चिमट्याने ओढून बाहेर काढली.

"पिन कुणी केली?"

"माझ्या भावाने," हे म्हणाले.

"सुरेख केलीय. इतकी सरळ तर कंपनीचीही नसते." त्याने ती पुसून टेबलावर ठेवली. "बघा, हिला ओरखडासुद्धा नाही. हिच्या मागचं मात्र सगळं गेलं. घरात फ्यूज असतो ना तुमच्या?"

मी यांच्याकडे बघितलं. हे भिंतीवरच्या मोटरींकडे बघत होते.

"ही पितळेची ठेवतात ती मोडावी म्हणून," म्हातारा म्हणाला. "पंखा कशाला लागला की आधी हिने मोडायचं. हिचं कामच ते. पाच मिनिटांत दुसरी घालायची आणि पुढे जायचं. ही मोडली नाही, तर तो दणका आत जातो."

तसला गिअर त्याच्याकडे नव्हता. पण त्याच्या एका जुन्या गिऱ्हाइकाकडे हीच मोटर होती, इंजिन जळून पडलेली. ते गिऱ्हाईक दुसऱ्या गावी राहत होतं. त्याला विचारायचं, मोटर मागवायची, सोडवायची. "महिना लागेल," म्हातारा म्हणाला. "तोवर होडी बांधून ठेवा."

परतीच्या बसमध्ये हे खिडकीशी बसले. मग म्हणाले, "मोडण्यासाठी म्हणून वस्तू करतात, हे मला कुणी सांगायला नको का?"

"मॅनेजर सांगत होते. तुम्ही डबी खिशात घातलीत आणि निघालात."



होडी बांधली. हे सकाळी उठायचे आणि "जरा धक्क्यावर बसतो" म्हणून जायचे. मीही अडवलं नाही. घरात बसून चिडचिड करण्यापेक्षा ते बरं. मी गणवेश उरकायला बसले. अधूनमधून जाणवायचं, की हे चमचा डाव्या हाताने धरतात, शर्टात आधी उजवा हात घालून मग बाकीचं अंग त्यात शिरवतात. मला वाटलं, शहाणे झाले, खांदा जपतायत.

पंधराएक दिवसांनी शाळेतल्या क्लार्कबाई गणवेश घ्यायला आल्या. बोलता बोलता म्हणाल्या, "तुमच्या मिस्टरांची कमाल आहे हं. मोटर बंद आहे, तरी आमचा एक दिवस खाडा होऊ दिला नाही."

माझ्या हातातली कात्री तशीच राहिली. मी चपला घातल्या आणि धक्क्यावर गेले. होडी नदीच्या मधोमध होती. बारा माणसं बसलेली, आणि हे वल्ही मारत होते. उजवा हात कामाचा राहिला नव्हता, म्हणून पूर्ण अंग मागे टाकून, कमरेच्या जोरावर वल्हं ओढत होते. दर खेपेला मान एका बाजूला पडायची. मला रडू आलं नाही, राग आला. इतका राग मला या माणसाचा आजवर आला नव्हता, आणि एवढी दयाही आली नव्हती.

माणसं उतरली. हे मला बघून होडीतच बसून राहिले.

"काय सांगितलं होतं डॉक्टरांनी?"

"माणसं उभी राहतात गं. मी काठावर बसलेला, होडी समोर बांधलेली, आणि ती माझ्या तोंडाकडे बघतात. मी बसू कसा?"

"बस आहे त्यांना."

"तास लागतो."

"लागू दे! तुमचा हात गेला तर ही माणसं दुसऱ्या दिवसापासून बसनेच जाणार आहेत. तुमच्या हातासाठी कुणी थांबणार नाही काठावर."

यांनी वल्ही काढून माझ्याकडे दिली. ती मी घरी आणली आणि कपाटामागे उभी केली.

महिन्याने म्हाताऱ्याचा फोन आला. गिअर मिळाला, बसला, चालला. मोटर देताना त्याने पितळेच्या बारा पिनांचं पाकीट यांच्या हातात न देता माझ्या हातात दिलं. माणूस ओळखतो म्हातारा. मी त्या पिना बॉबिनच्या डबीत ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम धक्क्यावर गेले. बातमी पसरली होती, माणसं आधीच होडीत बसली होती. भावोजींनी मोटर फळीला आवळून दिली आणि ते दुकानाकडे गेले. यांनी दोरीची मूठ धरली आणि ओढली. दोरी वीतभर आली आणि थांबली. पुन्हा ओढली. हात छातीपर्यंत येत होता आणि तिथून पुढे येतच नव्हता, जणू तो कुणा दुसऱ्याचा होता. तिसऱ्यांदा यांनी डाव्या हाताने ओढली, तोल गेला, होडी हेलकावली, बायका ओरडल्या. हे खाली बसले. मोटरसाठी सगळं केलं, ती समोर चकचकीत उभी होती, आणि ती सुरू करायला लागणारा एक झटका यांच्याजवळ उरला नव्हता.

मी चपला काढल्या आणि होडीत चढले. पहिल्या झटक्याला मोटर खोकली. दुसऱ्याला दोरी माझ्या हातातून निसटली. तिसऱ्याला सुरू झाली. यांनी डाव्या हातात मोटर वळवायचा दांडा घेतला आणि होडी निघाली. मागे वळून बघितलं नाही त्यांनी, पण त्यांचे कान लाल झालेले मला दिसत होते.

पलीकडे पोचलो. यांनी मोटर बंद केली. माणसं उतरली, दुसरी चढली. सगळे बसले आणि माझ्याकडे बघायला लागले. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मोटर पुन्हा सुरू करायची होती. आणि पुन्हा. दिवसाला जाऊन-येऊन बावीस फेऱ्या, म्हणजे चव्वेचाळीस वेळा.

मोटर यांच्या खांद्यासाठी घेतली आणि कामाला लागला माझा खांदा.

तेव्हापासून मी रोज जाते. शिवणकाम पहाटे आणि सुट्टीच्या दिवशी. माणसं आधी 'वहिनी, सावकाश' म्हणायची, आता म्हणत नाहीत, सवय झाली. लेक फोनवर म्हणते, "आई, किती दिवस करणार तू हे?" मी म्हणते, बघू. यांनी एकदा दोरीला लांब दांडा बसवायचं काढलं होतं, "तुला सोपं जाईल, पक्कं करून देतो." मी म्हटलं, "तुम्ही आता काही पक्कं करू नका."

काल संध्याकाळी परतताना वाळूत रुतलेल्या कशाला तरी पंखा लागला. मोटर नुसतीच ओरडायला लागली. यांनी ती बंद केली, पंखा वर उचलून धरला, मी डबीतून पिन काढून घातली. पाच मिनिटं लागली. मोडलेले दोन तुकडे यांनी तळहातावर घेतले होते.

"मोडली ते बरं झालं," हे म्हणाले. संसारात पहिल्यांदाच मी हे वाक्य यांच्या तोंडून ऐकलं.

मी दोरीला हात घातला आणि काढून घेतला. गेले पंधरा दिवस मी रोज सकाळी गुपचूप तेल चोळत होते. कापड आवळून बांधायला मात्र हात धजत नव्हता.

"अहो," मी म्हटलं, "माझा खांदा दुखतोय."

यांनी माझ्याकडे बघितलं. मग होडीतल्याच कारखान्याच्या एका माणसाला म्हणाले, "जरा दोरी ओढता का?" होडी आमच्या काठाला लागली. धक्क्यावर दहा-बारा जण उभे होते, शेवटच्या दोन फेऱ्या राहिल्या होत्या. यांनी दोर खुंट्याला बांधला. एकच गाठ मारली, साधी.

"आज पुढच्या फेऱ्या नाहीत," हे त्यांना म्हणाले. "बसने जा."

मागे कुणीतरी कुरकुरलं. यांनी वळून बघितलं नाही. माझ्या हातातली पिनांची डबी घेऊन ती स्वतःच्या खिशात टाकली आणि मला म्हणाले, "चल, डॉक्टरीणबाई सातपर्यंत असतात. बसने वेळेत पोचू."